वीस पाचरी

गिटार माझी साधीच आहे, अकूस्टिक, वीस फ्रेटची, म्हणजे नेकवर, मानेवर, वीस आडव्या धातूच्या पट्ट्या असलेली, बारावीनंतर बाबांनी घेऊन दिलेली. वीसेक वर्षं तीच वाजवतोय. आणि वाजवतोय म्हणजे काय, सी, जी, डी, ए मायनर, सगळं पहिल्या तीन फ्रेटांत, त्यामुळे तिथे तारांखाली खड्डे पडले होते, पाट्याला मधोमध खळगा पडतो ना तसे. बी ची तार पहिल्या फ्रेटवर दाबली की सूर कमी आणि झिणझिण जास्त. मधे एकाकडे दिली होती, नाव घेत नाही, त्याने "लेव्हल करून देतो" म्हणून खड्डे नाहीसे होईपर्यंत सगळेच फ्रेट घासून काढले, नेक सरळ आहे की वाकडी ते बघितलंच नाही. परत आली तेव्हा झिणझिण पहिल्या फ्रेटवरून उठून नवव्या-दहाव्यावर जाऊन बसली होती आणि फ्रेटची उंची उरली होती अर्धा मिलीमीटर. नवीन फ्रेट साधारण एक ते सव्वा मिलीमीटर असतो. अर्ध्यावर आल्यावर परत घासायला शिल्लकच काही नसतं, बोट लाकडावर टेकतं, तार ओढायला गेलं तर बोटाखालून सटकते. मग एकच उपाय, जुने सगळे उपटायचे आणि नवे ठोकायचे. रीफ्रेट.

हे काम बाहेर करून घ्यायचं तर मुंबई नाहीतर बंगळुरूला पाठवा, पॅकिंग, कुरिअर, मजुरी धरून आकडा गिटारच्या किमतीच्या वर जात होता. बायको म्हणाली, त्यापेक्षा नवीन घे. तिचं बरोबर होतं खरं म्हणजे. पण बाबांनी दिलेली वस्तू, आणि शिवाय जून लागलेला, आमच्या गोव्यातल्या फोंड्यात जूनमध्ये संध्याकाळी सातनंतर माणूस करणार काय, लाईट असली तर टीव्ही आणि नसली तर पावसाचा आवाज. म्हटलं आपणच करू.

सतारीला ही भानगड नाही बघा. तिचे पडदे दोऱ्याने बांधलेले, सरकवा, काढा, परत बांधा. गिटारचा फ्रेट म्हणजे आडव्या छेदात इंग्रजी टी सारखी दिसणारी तार, वरचा गोल भाग तो क्राउन, खालचं पातं तो टँग, आणि हा टँग फ्रेटबोर्डात, म्हणजे नेकवरच्या लाकडी पट्टीत, कापलेल्या खाचेत ठोकून बसवलेला असतो. टँगला बारीक दाते असतात ते लाकडात रुततात. गोंद असो नसो, फ्रेटला धरून ठेवतं ते लाकूडच. हे वाक्य मी तेव्हा नुसतं वाचून पुढे गेलो, आणि ऑगस्टमधला सगळा घोळ त्यातूनच झाला, पण ते पुढे येईल.

एक गोष्ट नशिबाने आपल्याला करावी लागत नाही, ती म्हणजे खाचा कुठे कापायच्या हे ठरवणं. ते गणित वेगळंच आहे, नट म्हणजे नेकच्या वरच्या टोकाची तारा टेकायची पट्टी, तिथपासून पोटावरच्या ब्रिजपर्यंत जेवढी लांबी त्याला १७.८१७ ने भागायचं, येईल तो पहिला फ्रेट, मग उरलेल्या लांबीला परत त्याच आकड्याने भागायचं, असं करत बाराव्यावर आलं की बरोबर अर्धी तार उरते. पूर्वी सरळ १८ ने भागायचे, गॅलिलिओचा बाप विन्चेन्झो गॅलिली, तो ल्यूट वाजवायचा, त्याने १५८१ च्या पुस्तकात हा अठराचा हिशोब दिलाय. आपल्या खाचा कारखान्यातून कापूनच आलेल्या, आपण फक्त त्यात नवीन तार बसवायची. फक्त!

थेट स्वतःच्या गिटारवर हात टाकायचा नाही एवढी अक्कल होती. मित्र एका चॅपलच्या क्वायरमध्ये वाजवतो, त्यांच्या स्टोअररूममध्ये एक पोट फुटलेली गिटार पडून होती ती त्याने आणून दिली, "हिचा काय तो जीव घे" म्हणून. तिच्यावर पहिले धडे.

जुना फ्रेट काढायला पुढून सपाट असलेली पक्कड लागते. खिळे तोडायची जी पक्कड मिळते तिच्या तोंडाला बाहेरून उतार असतो, त्यामुळे ती फ्रेटच्या खाली शिरतच नाही. बाजारातल्या एका ग्राइंडरवाल्याकडून तिचं तोंड सपाट घासून घेतलं, त्याने तीनदा विचारलं की चांगली पक्कड खराब का करताय. मग सोल्डरिंग आयर्न फ्रेटवर टेकवून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू न्यायची, खालचा जुना गोंद मऊ होतो, लाकडातला चिकटपणा सुटतो, आणि पक्कड टोकापासून आत चालवत न्यायची. ओढायचं नाही, नुसतं चिमटत पुढे सरकायचं, पक्कडच उताराने फ्रेटला वर उचलते. मी ओढलं. पहिल्याच फ्रेटबरोबर शिसवीचे तीन कपचे उडाले. चौथ्या-पाचव्यानंतर हात बसला, पण तेवढ्यात तो बोर्ड उंदराने कुरतडल्यासारखा दिसायला लागला होता. उडालेला कपचा लगेच सापडला तर टाकायचा नाही, तिथल्या तिथे फेविक्विकच्या थेंबाने बसवायचा, आणि पूर्ण बोर्डभर कागदाची चिकटपट्टी लावून मगच हे सगळं करायचं, ही अक्कल मला दुसऱ्या गिटारच्या वेळी आली.

मग खाचा साफ करायच्या. त्यात वीस वर्षांचा मळ, गोंद, घाम. मी घेतलं हॅक्सॉ ब्लेड. ब्लेड स्वतःच ०.६५ मिलीमीटरच्या आसपास जाड, वर दाते डावी-उजवीकडे वळवलेले असतात म्हणून कापतं त्याहूनही रुंद, आणि खाच पाहिजे अर्ध्या-पाऊणच्या मधली, साधारण ०.५५ ते ०.६. चार खाचा साफ केल्यावर नवीन तार बसवून बघितली तर ती बोटाने आत गेली आणि बोटानेच बाहेर आली. खेळ खलास. तो बोर्ड तिथेच संपला, त्याच्यावर नंतर फक्त घासायची प्रॅक्टिस केली.

तारेबद्दल सांगतो. नेहमीची जी तार मिळते तिला निकेल सिल्व्हर म्हणतात, आणि पार्सल आलं तेव्हा आईने विचारलं, चांदीची तार मागवलीस? चांदी त्यात औषधालाही नाही. तांबं, निकेल आणि जस्त. म्हणजे आपलं जर्मन सिल्व्हर, पूजेची तबकं करतात ते. तांबं असल्यामुळे आपल्या दमट हवेत आणि घामात हिरवट चढतं, पुसून ठेवावं लागतं. स्टेनलेस स्टीलचीही तार येते, ती झिजत नाही म्हणतात, म्हणजे फारच हळू झिजते, पण ती तितकीच कडक, कानशी खाते, कापताना पक्कडीला दात पडतात. पहिल्यांदा करणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत. वीस फ्रेटला पहिला साधारण साडेचार सेंटीमीटर, शेवटचा सहाच्या जवळ, दोन्ही बाजूंना थोडी जास्तीची धरून सव्वा-दीड मीटर तार पुरते.

फ्रेटबोर्ड सपाट नसतो, आडवा किंचित गोल असतो. अकूस्टिकला ही गोलाई बहुतेक १६ इंच त्रिज्येची, इलेक्ट्रिकमध्ये १२, साडेनऊ, जुन्या फेंडरला सव्वासात. तार बोर्डापेक्षा जरा जास्त वाकवायची, म्हणजे ठोकताना आधी टोकं टेकतात, मग मधला भाग खाली दाबला की टोकं बाहेरच्या बाजूला ताणली जाऊन रुततात. सरळ तार ठोकली तर मधे बसते आणि टोकं उठतात. वाकवायचं यंत्र घरीच केलं, सीलिंग फॅनची जुनी बेअरिंगं फळीवर त्रिकोणात बसवली, मधल्या जागी एकावर एक दोन आणि त्यांच्यामधे पातळ वॉशर, म्हणजे टँग त्या फटीत जातो आणि तार पिळवटत नाही. सगळ्या प्रकरणात पहिल्या फटक्यात जमलेली ही एकच गोष्ट.

ऑगस्टमध्ये स्वतःची गिटार घेतली. हॅक्सॉचा धडा ताजा होता त्यामुळे खाचा रुंद करायच्या नाहीत हे डोक्यात पक्कं. सोल्डरिंग, पक्कड, चिमटत चिमटत, फ्रेट चांगले निघाले, जे बारीक कपचे उडाले ते भरायला शिसवीचा भुसा आणि फेविक्विक. भुशावर फेविक्विक टाकलं की क्षणात दगड होतो आणि धूर येतो, डोळे झोंबतात, खिडकी उघडी ठेवा, पाऊस आत आला तरी चालेल. पण ते भरताना थोडं थोडं खाचांतही उतरलं. मी पातळ सुरीने खरवडलं, आत बघितलं, बरं वाटलं. मोजलं नाही.

ठोकायला नेकखाली आधार लागतो, कडक पाहिजे पण नेकच्या आकाराला बसणारा. आईने जुन्या उशीच्या अभ्र्यात दोन किलो उकडे तांदूळ भरून शिवून दिले, नेक त्यात अशी बसते की हलत नाही. चौदाव्या फ्रेटनंतर नेक बॉडीला मिळते, तिथून पुढे बोर्डाखाली पोकळी, ठोकलं की सगळी गिटार ढोलासारखी वाजते आणि फ्रेट बसत नाही. मग खलबत्त्यातला बत्ता साउंडहोलमधून आत घालून बोर्डाच्या खाली डाव्या हाताने दाबून धरायचा आणि उजव्या हाताने वरून हातोडी. हातोडी प्लास्टिकच्या तोंडाची. आधी एक टोक, मग दुसरं, मग मधे. आवाजावरून कळतं, फ्रेट पूर्ण बसायच्या आधी मार पोकळ वाजतो, टेकला की आवाज एकदम भरीव होतो, घुमटावर, म्हणजे मातीच्या भांड्याला कातडं लावलेल्या आमच्या वाद्यावर, थाप नीट पडली की कशी कळते तसं. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली होती, शेजारी आरतीची प्रॅक्टिस चालू, घुमट, शामेळ, कासाळें, आणि मी इकडे ठक ठक. एका रात्रीत वीसही ठोकले. कडक बसले होते सगळे, एकही उठला नाही, मी खूश.

सकाळी तारा चढवल्या तर तारा पहिल्या फ्रेटपासून फ्रेटांवर झोपलेल्या. एकही सूर नाही, सगळीकडे नुसती झिणझिण. अॅक्शन, म्हणजे तारांची उंची, वर करून बघितली, ट्रस रॉड सैल केला, अजून सैल केला, शेवटी रॉडची नट पूर्ण मोकळी फिरायला लागली. ट्रस रॉड म्हणजे नेकच्या आतली लोखंडी सळी, तारांच्या ओढीने नेक पुढे वाकते तिला ती मागे खेचते. माझ्या गिटारची सळी एकाच बाजूला काम करते, मागे खेचते, पुढे ढकलत नाही. आणि माझी नेक आधीच मागे वाकलेली. स्टीलची पट्टी फ्रेटांवर ठेवली तर ती मधे टेकून दोन्ही टोकांना डुलायला लागली, सी-सॉसारखी.

मला काही कळेना. काल संध्याकाळी सरळ होती. रात्रीत पावसाने वाकली असेल असं मी स्वतःला सांगून बघितलं. दमट हवेने अकूस्टिकचं पोट फुगतं, तारा वर जातात हे खरं, पण इथे उलटं झालं होतं आणि तेही एका रात्रीत.

शेजारचे मेस्त, म्हणजे सुतार, चवथीसाठी आमच्या माटोळीच्या, गणपतीच्या वर फळं टांगायच्या चौकटीच्या, पट्ट्या बघायला आले होते. दारं-खिडक्या करतात, गिटारला कधी हात लावलेला नाही. त्यांनी नेक एका टोकाकडून डोळ्यासमोर धरून बघितली, सुतार फळी बघतात तशी, एक डोळा मिटून. मग जुना काढलेला एक फ्रेट उचलला, नव्या तारेचा तुकडा उचलला, दोन्ही बोटांत फिरवले.

"किती ठोकलेस?"

"वीस."

"म्हणजे वीस पाचरी मारल्यास. एका बाजूने वीस पाचरी मारल्यावर फळी वाकणार नाय तर काय होणार?"

आणि चहा पिऊन गेले.

मग व्हर्नियर, जाडी मोजायचं ते, काढला, जो आधी काढायला पाहिजे होता. नव्या तारेचा टँग दाते सोडून ०.६ मिलीमीटर. खाचेत फीलर गेज घालून बघितले, मोटरसायकलच्या टॅपेटला वापरतात ती पात्यांची जुडी, तर काही खाचांत ०.५५ चं पातंही जाईना. म्हणजे एकेक फ्रेट खाचेला निदान ०.०५ ने फाकवतोय. पाच शतांश म्हणजे कागदापेक्षाही पातळ, पण गुणिले वीस केलं की एक मिलीमीटर. बोर्डाची वरची बाजू एक मिलीमीटर लांब व्हायला बघतेय आणि नेकची खालची बाजू आहे तेवढीच. त्यातलं बरंचसं लाकूड दबून पचवतं, बॉडीवरचे सहा सोडून द्या, तरी जे उरतं ते नेक मागे वाकवायला रग्गड. मागच्या वेळी खाच सैल म्हणून फ्रेट सुटला, या वेळी घट्ट म्हणून नेक गेली. मी इतके दिवस एकेका फ्रेटकडे बघत होतो, तो बसला का, उठला का. वीस जण मिळून नेकला काय करताहेत इकडे लक्षच नव्हतं.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की चांगले कारागीर हे मुद्दाम वापरतात. ज्या नेकला ट्रस रॉड नाही आणि जी पुढे वाकलीय तिला जाड टँगची तार मारून सरळ करतात. माझ्या हातून झालं ते तेच, फक्त न मागता.

काढताना मात्र गंमत बघितली. पट्टी नेकवर ठेवली, सातवा फ्रेट काढला, परत ठेवली, नववा काढला, परत ठेवली. पाचवा काढला. अकरावा. प्रत्येक फ्रेटनिशी पट्टीचं डुलणं कमी होत गेलं. नेक डोळ्यांसमोर सरळ होत होती. मी बायकोला हाक मारून दाखवलं, ती म्हणाली हो, छान, आणि वेंगुर्ल्याहून आत्या येतेय, हॉलमधला पसारा कधी उचलणार.

सहा फ्रेट काढले. त्यांच्या खाचा पातळ पात्याने नीट साफ केल्या, ब्लेडचे वळवलेले दाते आधी दगडावर दोन्ही बाजूंनी घासून सपाट करून घेतले, म्हणजे ते स्वतःच्या जाडीपेक्षा जास्त कापत नाही. काढलेल्या फ्रेटच्या टँगचे दाते कानशीवर थोडे मारले. आता खाचेत फ्रेट अंगठ्याने अर्धा जायला पाहिजे आणि उरलेला दोन-तीन ठोक्यांत, हे माझं माप ठरलं. परत ठोकले, टोकांना पातळ फेविक्विकचा एकेक थेंब सोडला. तारा नसताना नेक अगदी किंचित मागे ठेवली, कारण तारांची ओढ तिला पुढे आणणारच आहे. चवथ झाली, आत्या येऊन गेली, मी अजून फ्रेटवरच होतो.

लेव्हलिंगला पाहिजे एक खात्रीने सपाट वस्तू. मी स्लायडिंग खिडक्यावाल्याकडून अॅल्युमिनियमच्या चौकोनी सेक्शनचा तुकडा आणला, दिसायला एकदम सरळ. कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एकजण ओळखीचा आहे, त्याच्या वर्कशॉपमध्ये सर्फेस प्लेटवर, म्हणजे खात्रीच्या सपाट पाटावर, ठेवून बघितला तर मधे उजेड दिसतोय. असल्या सेक्शनने लेव्हल केलं असतं तर सेक्शनचा बाक फ्रेटांत उतरला असता. शेवटी काचवाल्याकडून बारा मिलीमीटर जाडीच्या काचेची चाळीस सेंटीमीटरची पट्टी कापून घेतली, कडा मारून, आणि तिला खाली सॅंडपेपर चिकटवला, ३२० नंबरचा. काच सपाट असते आणि वजनदारही, हे वजन महत्त्वाचं, कारण वरून दाबायचं नसतं, तिच्या वजनाने ती फिरली पाहिजे.

आधी ट्रस रॉडने नेक सरळ. मग प्रत्येक फ्रेटच्या माथ्यावर काळ्या मार्करची रेघ. मग काच पुढे-मागे, नेकच्या लांबीने, पाच-सहा वेळा, आणि थांबून बघायचं. जो फ्रेट उंच त्याची शाई गेलेली, जो खाली त्याची तशीच. परत काळं करायचं, परत फिरवायचं. माझे तिसरा आणि बारावा पहिल्याच फेरीत पांढरे झाले, अठरावा शेवटपर्यंत काळा. सगळ्यांवर एकेक बारीक चकचकीत रेघ आली की त्याच क्षणी थांबायचं. इथे हात थांबत नाही हो. लय लागलेली असते, धातू गुळगुळीत होताना दिसत असतो, वाटतं अजून दोन हात मारू. ज्याने माझे जुने फ्रेट संपवले त्याच्यावर मी इतकी वर्षं चिडलो होतो, पण ती काच हातात आल्यावर त्याचा हात का थांबला नसेल ते कळलं. नेक न बघितल्याचा राग अजून आहे, तो वेगळा.

एकेक फ्रेट तपासायला स्टीलची सहा इंची पट्टी तोडून तीन फ्रेटांवर बसेल असे तुकडे केले. तुकडा तीन फ्रेटांवर ठेवायचा, डुलला तर मधला उंच. डुलताना टिक टिक असा बारीक आवाज येतो, रात्री शांततेत डोळे मिटूनही कळतो.

लेव्हल झालं की फ्रेटचे माथे चपटे होतात आणि चपट्या फ्रेटवर सूर नीट लागत नाही, तार फ्रेटच्या मध्यावर सुटायला पाहिजे ती पुढच्या कडेवर सुटते. म्हणून परत गोल करायचे, क्राउनिंग. त्याची वेगळी कानस मिळते, महाग असते. मी तिकोनी कानस घेतली आणि तिच्या तिन्ही धारा ग्राइंडरवर गुळगुळीत केल्या, नाहीतर बाजूला लाकडावर ओरखडे उठतात. परत काळी रेघ, आणि दोन्ही बाजूंनी उतार देत जायचं, मधे केसाएवढी काळी रेघ उरेपर्यंत. ती रेघ पुसली म्हणजे तुम्ही लेव्हल बिघडवली. वीस फ्रेट, तीन रात्री. कंटाळवाणं म्हणतील लोक, मला यातच सगळ्यात जास्त मजा आली, हिशोबाच्या ऑफिसात दिवसभर आकडे बघून आल्यावर रात्री एक काळी रेघ बघत बसायचं, बाहेर बेडकं.

टोकांचं काम मेस्तांनी सोपं केलं, लाकडाच्या ठोकळ्यात पस्तीस अंशाच्या उताराची खाच मारून दिली, त्यात कानस अडकवायची आणि नेकच्या कडेने ओढायची, सगळी टोकं एका उताराला. मग प्रत्येक टोकाचा कोपरा सोनाराकडच्या बारीक कानशीने मोडायचा. कुठे बोचतंय ते बोटाला कळत नाही कारण गिटारवाल्याची बोटं निबर झालेली असतात, आईच्या जुन्या नायलॉन साडीचा तुकडा कडेने फिरवला, सहा ठिकाणी अडकला. मग ६००, ८००, १०००, १५००, २००० नंबरचे पेपर, आणि शेवटी समई घासायचा ब्रासो. इलेक्ट्रिकवाल्यांनी स्टीलवूल वापरताना पिकअप झाकून घ्या, त्याचे कण लोहचुंबकाला जे चिकटतात ते जन्मभर निघत नाहीत.

तारा चढवल्या. पहिल्या फ्रेटला कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, चौदाव्यावर बोट, सातव्यावर फट किती ते फीलर गेजने, ०.२ मिलीमीटर आली, ट्रस रॉड पाव फेरा. ई मेजर वाजवला आणि परत झिणझिण! दोन मिनिटं मी नुसता बसलो. मग लक्षात आलं की दाबलेले सगळे सूर स्वच्छ आहेत, फक्त मोकळ्या तारा झिणझिणताहेत. नवे फ्रेट जुन्यापेक्षा अर्ध्या मिलीमीटरहून जास्त उंच, आणि नटच्या खाचा अजून त्या जुन्या उंचीच्याच. नट हळूच ठोकून काढली, खाली जुन्या एटीएम कार्डाची पट्टी कापून घातली, कार्ड पाऊण मिलीमीटरच्या आसपास असतं, एकदम फिट. बँकेचं नाव अजून कडेने बघितलं तर दिसतं.

बाराव्या फ्रेटवर जाड ई तारेची उंची २.४ मिलीमीटर, बारीकची १.८, कुठेही झिणझिण नाही.

नोव्हेंबरमध्ये तोच चॅपलवाला मित्र आला, क्वायरची गिटार घेऊन, गोंयच्या सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं, फेस्त ३ डिसेंबरला, त्याच्या आधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची प्रार्थना, आणि त्यानंतर लगेच त्यांच्या वाड्यावरचं फेस्त. "पात्रांव, सगळे फ्रेट बदल." मी बघितली. फ्रेट भरपूर उंच, खड्डे बारीक, नेक पुढे वाकलेली. ट्रस रॉड अर्धा फेरा फिरवला, एक दिवस तशीच ठेवली, परत पाव फेरा. मग लेव्हल, क्राउन, दोन संध्याकाळी. एकही फ्रेट काढला नाही. त्याला ते पटेना, पैसे दिल्यासारखं वाटत नाही म्हणाला, जरी पैसे मी घेत नव्हतोच. शेवटी दोडोल, आमच्याकडची नारळ-गुळाची मिठाई, तिचा एक वडा घेऊन आला.

माझ्या स्वतःच्या गिटारला अठरावा फ्रेट जरासा खालीच राहिलाय. तिथे माझं बोट वर्षातून दोनदा जातं. काच, कानशी आणि तांदळाची उशी कपाटावर आहेत, तांदळात मात्र आता पोरकिडे झालेत असं आई म्हणते.